‘आर्ग्युमेंट करूं नकोस!’

गेल्या पावसाळ्यांत लातुरास एका स्नेह्यांच्या घरीं दोन दिवस मुक्काम पडला. रात्रीं जेवणें चाललीं असतां त्यांचा अकरावींत शिकणारा मुलगा सहज म्हणाला, “अप्पा, मला डॉक्टर व्हायचंच नाही, तर जीवशास्त्राच्या शिकवणीचा दुसरा हप्ता कशाला भरायचा?” प्रश्न साधा होता. स्वर उर्मट नव्हता. कारण होतें आणि त्यांतून निघणारा निष्कर्षहि होता. तर्कशास्त्राच्या प्राध्यापकानें फळ्यावर लिहून दाखवावें इतकें तें नीटनेटकें होतें. अप्पांनीं भाकरीचा घास हातांत तसाच धरून उत्तर दिलें, “लई आर्ग्युमेंट करायलास आजकाल. गप जेव.” कोपऱ्यांत बसलेल्या आजींनीं पुस्ती जोडली, “मोठ्या माणसांशी हुज्जत घालू नये रे बाळा.” मुलगा गप जेवला.

बापाचा शब्द इंग्रजी, आजीचा अरबी. आणि दोन्ही शब्दांचा मूळचा अर्थ ‘पुरावा’! ज्या मुलानें आपल्या म्हणण्याचें कारण दिलें त्याला ‘कारण देऊं नकोस’ म्हणून दोन परकीय भाषांतून बजावण्यांत आलें, आणि त्या पंक्तींतल्या कोणाला त्यांत कांहीं विपरीत वाटलें नाहीं. मला वाटलें; पण मी पाहुणा होतों, बोललों नाहीं. त्या न बोलण्याचें प्रायश्चित्त म्हणून हा लेख लिहीत आहें.

आर्ग्युमेंट हा शब्द नांदेड-लातुरकडील सुशिक्षित घरांत आतां इतका रुळला आहे कीं तो परका आहे हेंहि कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. परंतु तो रुळला आहे एकाच अर्थानें: तोंड वर करून बोलणें, आगाऊपणा करणें, वडिलांचा मान न ठेवणें. शिक्षक वर्गांत तो याच अर्थानें वापरतात. सुट्या पैशांवरून खटका उडाला कीं एस.टी.चा कंडक्टर प्रवाशाला तोच शब्द ऐकवतो. आणि ‘सून गुणाची आहे, पण आर्ग्युमेंट फार करते’ असा अभिप्राय मीं स्वतः एका सासूबाईंच्या तोंडून ऐकला आहे. सूनबाई काय म्हणत होत्या, कशावरून म्हणत होत्या, हें विचारण्याची सोय त्या वाक्यांत उरलेलीच नाहीं. शब्द उच्चारला कीं खटल्याचा निकाल लागला.

हा शब्द लॅटिनमधून इंग्रजींत आला. त्याच्या मूळ धातूचा अर्थ स्पष्ट करणें, उघड करून दाखवणें. रुपें या अर्थाचा लॅटिन शब्द आणि आपला शुभ्रवाचक ‘अर्जुन’ शब्द हे त्याच कुळांतले, असें कांहीं व्युत्पत्तिकार सांगतात. म्हणजे अंधारांत असलेली वस्तु उजेडांत आणणें हें या शब्दाचें कुलव्रत. त्याच धातूला दोष देणें, आरोप करणें असाहि अर्थ लॅटिनमध्येंच होता, हें मी लपवीत नाहीं. मिल्टननें आपल्या महाकाव्याच्या प्रत्येक सर्गाच्या आरंभीं गद्यांत कथासार दिलें आहे, त्याला त्यानें हेंच नांव दिलें आहे. गणितांत फलनाला जें मूल्य पुरवायचें त्याला हाच शब्द. तर्कशास्त्रांत आधारविधानें आणि निष्कर्ष यांच्या जुडग्याला हाच शब्द. आणि न्यायालयांत वकिलानें पक्षकाराच्या वतीनें केलेल्या मांडणीलाहि हाच.

यावर माझे एक इंग्रजीचे प्राध्यापक असलेले मित्र म्हणतात कीं, खुद्द इंग्रजहि नवराबायकोच्या भांडणाला हाच शब्द लावतात. मग आमच्या लातुरकरांनींच काय पाप केलें? मित्रांचें म्हणणें खरें आहे. परंतु इंग्रजी भाषेंत हा शब्द म्हणजे चौसोपी वाडा आहे. त्यांत एक गोठाहि आहे. आम्ही वाडा पाहिला नाहीं, माजघर पाहिलें नाहीं. गोठा तेवढा भाड्यानें घेतला, आणि आतां येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटलों आहों कीं हाच साहेबाचा वाडा.

त्यांतहि मौज अशी कीं न्यायालयाच्या आवारांत पाऊल टाकतांच तोच शब्द एकदम प्रतिष्ठित होतो. ‘आपली केस आर्ग्युमेंटला लागली’ असें सांगतांना शेतकऱ्याचा चेहरा उजळतो. बांधाच्या तंट्यांत वकिलाला आर्ग्युमेंटचे पैसे मोजून देणारा गृहस्थ घरीं येऊन मुलाचें फुकटचें आर्ग्युमेंट बंद पाडतो.

आतां आजीबाईंच्या शब्दाकडे वळूं, कारण या प्रांताचा खरा इतिहास त्यांत आहे. १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत नांदेड काय, लातूर काय, निजामाच्या राज्यांत होतें, आणि कचेऱ्यांची व न्यायालयांची भाषा उर्दू होती. त्या भाषेच्या द्वारानें, आणि त्यापूर्वीं कित्येक शतकें फारसीच्या द्वारानें, वादाच्या व्यवहारांतले अरबी शब्द आमच्या तोंडीं बसले. ‘हुज्जत’ म्हणजे प्रमाण, पुरावा. थोर तत्त्वज्ञ अल् गझाली यांस ‘हुज्जतुल् इस्लाम’ अशी पदवी होती. तिचा अर्थ इस्लामचा पुरावा असा आहे, इस्लामचा भांडकुदळ असा नव्हे! ‘बहस’ या शब्दाच्या मुळाशीं उकरणें, शोध घेणें हा अर्थ आहे. अरबींत संशोधनाला आजहि त्याच धातूचा शब्द चालतो. ‘दलील’ म्हणजे वाट दाखवणारा. ‘तक्रार’ म्हणजे नुसती पुनरुक्ति, तीच गोष्ट फिरून फिरून सांगणें. आणि हा एक शब्द मात्र आमच्या कचेऱ्यांनीं मूळ अर्थाला जागवला, कारण येथें कोणतीहि तक्रार चारपांच वेळां सांगितल्यावांचून ऐकली जात नाहीं.

हुज्जतीचें काय झालें? पुराव्याचा शब्द मराठींत येतांच वितंडेचा झाला. ‘हुज्जत घालणें’ म्हणजे निष्कारण बोलणें वाढवणें. हा अर्थबदल आपोआप झाला, त्याला कोणाचा इलाज नव्हता, असें भाषाशास्त्री म्हणतील. मला तें पटत नाहीं. शब्दाचा अर्थ तो वापरणाऱ्यांच्या व्यवहारानें घडतो. ज्या दरबारांत, ज्या कचेरींत, ज्या ओसरीवर खालच्यानें वरच्याला पुरावा दाखवणें हाच अपराध होता, तेथें पुराव्याच्या शब्दाला अपराधाचा वास लागला तर नवल काय? निजाम गेला, पाटील-देशमुखांची ओसरी गेली, उर्दू कचेरी गेली, इंग्रजी शाळा आली. आणि इंग्रजी शब्द आला तोहि नेमका त्याच खुंटीला टांगला गेला. खुंटी कायम आहे, यावरून ती कोणत्या भाषेची नव्हे, घरची आहे, हें उघड होतें.

घरची म्हणावी तर आमच्या जुन्या शास्त्राची साक्ष मात्र अगदीं उलट आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व कळावें म्हणून प्रमाणांच्या आधारें, पक्ष-प्रतिपक्ष मांडून केलेली ती चर्चा म्हणजे वाद. जिंकण्यासाठीं, शब्दच्छल करून, भलत्या सादृश्यावर बोट ठेवून केलेली ती जल्प. आणि स्वतःचा पक्षच न मांडतां दुसऱ्याचें खोडून काढण्यासाठीं केलेली ती वितंडा. वाद कोणाशीं करावा, हेंहि सूत्रकार सांगतात: शिष्याशीं, गुरूशीं, सहाध्यायाशीं, आपल्याहून अधिक जाणणाऱ्याशीं, श्रेयाची इच्छा धरणाऱ्याशीं, मात्र समोरच्याच्या मनांत असूया नसावी. गुरूशीं वाद करावा, असें म्हणणारें शास्त्र आमचें. आणि संस्कृतीच्या नांवानें ‘मोठ्यांशीं आर्ग्युमेंट नको’ असें बजावणारेहि आम्हीच! हा निषेध कोणत्या स्मृतींतून काढला, तें संस्कृतिरक्षकांनीं एकदां सांगावें.

मराठींत या ‘वाद’ शब्दाची जी अवस्था झाली ती तर पाहवत नाहीं. कोणतेंहि वर्तमानपत्र उघडा. ‘किरकोळ कारणावरून दोन गटांत वाद’ असा मथळा असतो. खालीं वाचावें तों काठ्या, दगड आणि रुग्णालय. ज्यांत एकहि वाक्य धड बोललें गेलें नाहीं त्यालाहि वादच म्हणायचें. याचा परिणाम केवळ कोशापुरता नाहीं. १९७८ च्या जुलैंत मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचें नांव द्यावें असा ठराव विधिमंडळानें केला, आणि त्यानंतर मराठवाड्यांत दलितांच्या वस्त्या जळाल्या, माणसें मारलीं गेलीं. नांदेड जिल्हा त्यांत अग्रभागीं होता. या सर्व प्रकाराला ‘नामांतराचा वाद’ हें नांव पडलें तें आजतागायत चालू आहे. विद्यापीठाला कोणतें नांव असावें, याबद्दल दोन मतें असूं शकत होतीं. तीं सभेंत, लेखांत, मतदानांत मांडतां येत होतीं, आणि कांहींनीं मांडलींहि. तो वाद. झोपडीला काडी लावणें हा वाद नव्हे. दोन्हींना एकच शब्द लावला म्हणजे जाळणाराला प्रतिपक्षाचा मान मिळतो आणि ज्याचें घर जळलें तो वादांतला दुसरा पक्ष ठरतो. १४ जानेवारी १९९४ रोजीं नामविस्तार झाला. त्या सोळा वर्षांना एका शब्दांत गुंडाळणाऱ्या भाषेला मी निष्पाप म्हणणार नाहीं.

येथें एका स्पर्धेची हकीकत सांगणें प्राप्त आहे. कांहीं वर्षांपूर्वीं नांदेडास एका शाळेच्या वादविवाद स्पर्धेला मी परीक्षक होतों. विषय होता, मराठवाड्यांत ऊस लावण्यास बंदी करावी कीं काय. विरुद्ध बाजूनें एक मुलगा बोलायला उभा राहिला. त्याच्या आधीं बोललेल्या मुलीनें २०१६ च्या एप्रिलची आठवण दिली होती: मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून लातुरास पिण्याचें पाणी आणावें लागलें, पहिल्या गाडीनें पांच लाख लिटर आलें, आणि त्याच मुलुखांत वर्षभर पाणी पिणारें पीक उभें होतें. मुलगा पाठ केलेल्या भाषणांतलीं चार वाक्यें बोलला, अडखळला, थांबला. मग म्हणाला, “माझ्या वडिलांचा ऊस आहे. म्हणून मी ही बाजू घेतली होती. पण ताईंनी पाण्याचं जे सांगितलं त्याला माझ्याकडे उत्तर नाही. सरसकट बंदी नको, एवढंच आता मी म्हणतो. बाकीचं माझं म्हणणं मी मागं घेतो.” आणि तो खालीं बसला. सभागृह हसलें.

आम्ही तिघे परीक्षक. माझ्या दोघां सहकाऱ्यांनीं त्या मुलाला दहांपैकीं शून्य दिलें. त्यांतले एक संस्कृतचे जुने शिक्षक; ते मला समजावून म्हणाले कीं हें शुद्ध निग्रहस्थान आहे, प्रतिज्ञासंन्यास आहे, येथें पराभव लिहावाच लागतो. मी त्यांचा आदर करतों, परंतु येथें त्यांचें शास्त्रहि चुकलें. अडचणींत सांपडलेला वादी ‘असें मीं म्हटलेंच नव्हतें’ म्हणून अंग काढून घेतो, तेव्हां प्रतिज्ञासंन्यास होतो. हा मुलगा म्हणत होता, ‘मींच म्हटलें होतें, आणि तें टिकत नाहीं.’ सबंध दुपारीं त्या व्यासपीठावर वाद एकदांच झाला, आणि त्याला शून्य गुण मिळाले. पहिलें बक्षीस कोणाला मिळालें तें मला आठवत नाहीं. त्या वक्त्याचे हातवारे मात्र आठवतात.

दूरचित्रवाणीवर रोज रात्रीं ‘डिबेट’ या नांवानें जो प्रकार चालतो, त्याबद्दल लिहिण्याइतकी जागा मला खर्च करायची नाहीं.

आमच्या भागांत वादाचें बीं नव्हतें, असें कोणी म्हणूं नये. पैठणच्या एकनाथांनीं सोळाव्या शतकांत ‘हिंदु-तुर्क संवाद’ रचला. त्यांत दोघे एकमेकांच्या देवाधर्मावर उघड उघड तोंड टाकतात, कोणी कोणाची भीड धरीत नाहीं, आणि शेवट समेटांत होतो. नाथांनीं त्याला संवाद म्हटलें. आज ती रचना कोणी सभेंत वाचली तर भावना दुखावल्याची तक्रार दोन्हीकडून दाखल होईल. आणि अगदीं अलीकडचा दाखला हवा असेल तर नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राध्यापक आणि पुढें प्राचार्य नरहर कुरुंदकर यांचा आहे. १९३२ ते १९८२, अवघें एकोणपन्नास वर्षांचें आयुष्य. मनुस्मृतीला त्यांचा कडवा विरोध होता. परंतु तिच्यावर व्याख्यानें देतांना समर्थकांची बाजू ते समर्थकांहून नीट मांडीत, आणि मग एकेक खिळा काढीत. जुन्या भाष्यकारांचा पूर्वपक्ष तो हाच. रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ला प्रस्तावना म्हणून जोडलेलें त्यांचें दीर्घ पत्र पाहावें: कादंबरीकाराला इतिहास विचारण्याचा अधिकार त्यांनीं स्नेहाच्या आड येऊं दिला नाहीं, आणि कादंबरीकारानेंहि तें पत्र आपल्याच पुस्तकाच्या दारांत लावलें. आर्ग्युमेंट शब्दाचा सबंध वाडा कुरुंदकरांना ठाऊक होता. नांदेडांत आज त्यांच्या नांवाचा अभिमान पुष्कळ आहे. त्यांच्या रीतीनें त्यांचेंच एखादें मत खोडून दाखवणारा मात्र सहसा भेटत नाहीं, आणि भेटला तर त्याला कुरुंदकरद्रोही ठरवायला आम्ही कमी करणार नाहीं.

२०२२ च्या एप्रिलांत लातूर जिल्ह्यांतील उदगीर येथें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें, आणि त्याच दिवसांत त्याच गांवांत विद्रोही साहित्य संमेलनहि भरलें. दोन मांडव असावेत याला माझी हरकत नाहीं. दुसरा मांडव कां घालावा लागतो याचीं कारणें पहिल्या मांडवानें शोधावीं. पण दोन्हीकडचे चार-चार लोक एका ओट्यावर बसवून, ‘तुमचें आमच्यावर म्हणणें काय, आणि कशावरून?’ एवढा एक तास कार्यक्रमपत्रिकेंत घालण्याची बुद्धि कोणाला झाली नाहीं. ज्यांचा व्यवसायच शब्दांचा, त्यांची ही कथा. मग लातूरच्या अप्पांना किती बोल लावावा?

त्यांना मी फारसा बोल लावीतहि नाहीं. ‘लातूर पॅटर्न’ या नांवानें सबंध महाराष्ट्राला ठाऊक झालेल्या कष्टाळू शिक्षणपद्धतीनें कोरडवाहू भागांतलीं हजारों मुलें डॉक्टर-इंजिनियर झालीं. ज्या बापानें दोन एकर विकून मुलाला शहरांत ठेवलें, त्याला त्या पद्धतीची थट्टा ऐकवणें हें पुण्यामुंबईकडच्या सुखवस्तु लेखकांना शोभेल, मला शोभत नाहीं. परंतु त्या पद्धतीचा कळस असलेली परीक्षा चार पर्यायांची आहे. एका वर्तुळांत शाई भरायची. ‘कशावरून?’ हा प्रश्न तेथें वेळ खाणारा म्हणून वर्ज्य. आणि दोन वर्षें तो वर्ज्य केलेल्या मुलानें एके रात्रीं अचानक जेवतांना तोच विचारला, तर बापाला तो उद्धटपणा वाटतो. मुलाला उद्धट म्हणण्यास मराठींत शब्दांचा दुष्काळ आहे काय? उर्मट, आगाऊ, तोंडाळ, फाजील, उलट उत्तर देणारा. हवा तो शब्द घ्यावा, आणि मुलगा तसा असेल तर खुशाल वापरावा. मुलांनीं शिवराळ बोलावें असें मी म्हणत नाहीं. परंतु उद्धटपणा हा बोलण्याच्या रीतींत असतो, कारण देण्यांत नसतो. कारण देण्यालाच उद्धटपणाचें नांव दिलें, कीं सभ्य मुलगा कारण देणें सोडतो आणि उद्धट मुलगा उद्धटपणा सोडीत नाहीं.

मग आर्ग्युमेंटला मराठी प्रतिशब्द कोणता? पंडितांनीं ‘युक्तिवाद’ हा शब्द दिला आहे. संस्कृतांत युक्ति म्हणजे उपपत्ति. व्यवहारांतल्या मराठींत मात्र युक्ति म्हणजे हिकमत, डाव. म्हणून युक्तिवाद म्हणतांच ऐकणाराला वकिलाची चलाखी आठवते. ‘प्रतिपादन’ हा शब्द निर्मळ आहे, पण तो सभेचा पोशाख घालून हिंडतो. जेवणाच्या पाटावर त्याला बसवतां येत नाहीं. माझ्या मतें मराठींत हें काम आजवर दोन साध्या शब्दांनीं केलें आहे: ‘म्हणणें’ आणि ‘कशावरून’. तुझें म्हणणें काय? तें कशावरून? पहिल्यांत प्रतिज्ञा आली, दुसऱ्यांत हेतु. गौतमाच्या पांच अवयवांतले आरंभाचे दोन आमची निरक्षर आजीहि रोज बोलते. ती तंटा मिटवायला बसली म्हणजे पहिला प्रश्न हाच विचारते. मग इंग्रजी शब्द हवाच कशाला, असें कोणी विचारील. नको असेल तर टाकावा. मला त्याचा लोभ नाहीं. ठेवायचा असेल तर वाड्यासकट ठेवावा.

न्यायसूत्रांत याच प्रकरणीं एक दृष्टान्त आहे, तो आमच्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागणार नाहीं. जल्प आणि वितंडा यांचा सर्वस्वीं त्याग करावा असें सूत्रकार म्हणत नाहींत. कोवळा अंकुर गुरांनीं खाऊं नये म्हणून भोंवतीं कांट्यांच्या फांद्या लावतात, तशी तत्त्वनिश्चयाच्या रक्षणासाठीं त्यांची योजना असते. बाभळीचें कुंपण सर्वांना ठाऊक आहे. आमच्या सभा, आमचीं वर्तमानपत्रें, आमच्या स्पर्धा पाहिल्या कीं वाटतें, कुंपण काय दाट वाढलें आहे! आंत पेरलेलें कांहीं दिसत नाहीं. आणि घरांत कुठें एखादा कोंब चुकून वर आला, तर त्यालाच कांटा समजून उपटतों.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं लातूरच्या स्टँडवर मला पोंचवायला तो मुलगाच आला होता. गाडीला उशीर होता. चहा घेतांना मीं त्याला विचारलें कीं डॉक्टर व्हायचें नाहीं, तर काय व्हायचें आहे? त्यानें थोडा वेळ माझ्याकडे पाहिलें आणि म्हणाला, “जाऊ द्या ना काका. आर्ग्युमेंट कशाला?” शिकवणीचा हप्ता आदल्या संध्याकाळींच भरून झाला होता, हें मला मागाहून कळलें.